दगडी भिंतीवरचा माणूस आणि बाबांचा हात

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी खिडकी लावून वर पंखा मोठा करते. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे बंद पडलेली गोष्ट का बंद पडली हे शोधायची सवय आहे. हे मात्र मला अजून सापडलेलं नाही… म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही झाशीचे. म्हणजे मूळचे भुसावळकडचे, पण बाबा रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन इथे आले आणि ओरछा गेटच्या आत घर घेऊन इथलेच झाले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात मी आणि बाबा. धाकटा भाऊ नितीन फौजेत होता, तिथे शिडाच्या होड्या चालवायला शिकला आणि नोकरी सोडून तेच करायला लागला. लोकांच्या होड्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायच्या, हे त्याचं काम. झाशीत पाणी म्हणाल तर नळाला येईल तेवढंच, आणि आमचा दिवटा समुद्रावर! मोहल्ल्यात अजून कुणाला हे खरं वाटत नाही.

त्याच्या या धंद्यात माझाही हात आहे. खलाशांच्या एका वेबसाइटसाठी तो मरीनांबद्दल लिहितो. मरीना म्हणजे होड्यांची धर्मशाळा म्हणा ना. बाहेरून आलेल्याने होडी बांधायची, अंघोळ करायची, पाणी भरायचं, झोपायचं. कुठली चांगली, कुठली वाईट, असं तो व्हॉइस मेसेजवर सांगतो – अर्धं हिंदी, अर्धं मराठी – आणि मी ते इंग्रजीत टाइप करून देते. मी आजवर समुद्र पाहिलेला नाही, पण कुठल्या मरीनाच्या बाथरूममध्ये गरम पाणी येतं ते मला तोंडपाठ आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर तो एका डच म्हाताऱ्याची होडी घेऊन पोर्तुगालच्या किनाऱ्याने निघाला होता. होडीवर दोघंच. त्या किनाऱ्यावरच्या दोन जागांची तुलना आम्ही करत होतो. एक सगळ्यांची लाडकी मरीना – स्वच्छ, वीज, लाँड्री, हसून बोलणारी माणसं. दुसरं तिच्या दक्षिणेला मासेमारांचं जुनं बंदर – घाण वास, नळ तुटलेला, होडी बांधायला गंजलेल्या कड्या. दोन्हींबद्दल इतरांनी लिहिलेलं वाचून मी पहिलीला सगळ्यात वर आणि दुसरीला सगळ्यात खाली टाकून ठेवलं होतं. नितीन पोचला की खात्री करणार होता.

आता बाबांबद्दल. त्यांचं विसरणं दोनेक वर्षांपासून वाढत गेलं होतं. मला कधी आईच्या नावाने हाक मारत, कधी "बहनजी" म्हणत. उजवा खांदा आखडलेला. हात कानाच्या वर जातच नसे, सदरा घालताना रोज आमची झटापट व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, या वयात आता एवढंच.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गार्डाची एक रीत असते. गाडी स्टेशनातून निघताना ड्रायव्हरने इंजिनातून आणि गार्डाने शेवटच्या डब्यातून एकमेकांना हिरवा झेंडा दाखवायचा – सगळं ठीक. झेंडा नसेल तर एक हात आडवा, स्थिर धरायचा. आणि दोन्ही हात डोक्यावर उभे केले की – थांबा. बाबांनी ही रीत घरात आणली होती. शाळेला निघालो की गल्लीच्या वळणावर थांबून आम्ही हात आडवा धरायचा, दारातून बाबा तसाच हात धरत, मगच वळायचं. डबा विसरला असेल तर बाबा दोन्ही हात वर करत आणि आम्ही मुकाट परत. आई वैतागून म्हणायची, "अहो, ही पोरं आहेत, मालगाडी नाही!"

त्या दिवशी सकाळी नितीनचा मेसेज आला होता, की वारा वाढलाय, रात्रभर झोप नाही, आज त्या चांगल्या मरीनात शिरतो आणि मस्त अंघोळ करतो. मी तो बाबांना ऐकवला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, काहीच पोचलं नाही.

दुपारी मी पोळ्या लाटत होते. बाबा खाटेवर नव्हते. इतक्यात शेजारच्या चाचींची हाक आली, "बिटिया, बाबूजी इत्ती घाम में छत पे काय ठाड़े हैं?" एवढ्या उन्हात बाबा गच्चीवर का उभे, असं त्या विचारत होत्या.

जिना चढतानाच फोनवर मेसेज आला. नितीन – "ताई, मरीनाच्या तोंडाशी आलोय, आत शिरतो." मी तो वाचला आणि वर पोचले.

बाबा गच्चीच्या मध्यावर अनवाणी उभे होते. दोन्ही हात डोक्यावर, सरळ. उजवासुद्धा. कोपरात जराही वाकलेला नाही. आमच्या गच्चीवरून रूळ दिसत नाहीत, समोर नुसत्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे.

"बाबा, खाली चला, पाय भाजतील."

"लाइन क्लिअर नहीं है," ते म्हणाले. आवाज ड्युटीवरचा, मी लहानपणी ऐकलेला. "अंदर मत लो."

मी हात धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. खरं सांगते, हलला नाही. मी घाबरून रडायलाच लागले. मग त्यांनी आपणहून हात खाली घेतले, आणि डावा हात बाजूला आडवा धरला. स्थिर. बराच वेळ. त्यानंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "भूक लागली."

संध्याकाळी नितीनचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"ताई, बाबा कुठे आहेत?"

"इथेच. दूध-पोळी खातायत. का रे?"

मग तो ढसाढसा रडला. "मुझे लगा… मला वाटलं, बाबा गेले."

मग त्याने सांगितलं ते असं. मरीनाच्या तोंडाला लाटा अडवायला दगडी भिंत आहे. तिच्या टोकाला एक माणूस उभा होता. दोन्ही हात वर. डच म्हातारा खूश होऊन म्हणाला, बघ, कसे बोलावतायत! जगात कुणालाही तसंच वाटलं असतं. पण नितीनच्या हातांनी सुकाणू आपोआप फिरवलं. म्हातारा ओरडत राहिला. होडी वळते न वळते तोच त्या तोंडात लाट फुटली – या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं पांढरं. तिथे तळाशी वाळू साठते आणि वादळी लाटांत होड्या उलट्या होतात, हे त्यांना नंतर कळलं. नितीनने मागे पाहिलं तर त्या माणसाने एक हात आडवा धरला होता. डावा. दक्षिणेकडे, त्या घाणेरड्या बंदराच्या दिशेने. तिथे पाणी खोल होतं. एका कोळ्याने शिव्या देत का होईना, त्यांची दोरी धरली.

"चेहरा दिसला का?" मी विचारलं.

"नाही. दूर होता. पण उभं राहणं, ताई… उभं राहणं ओळखतो ना आपण."

मी खूप विचार केला. मेसेज मीच बाबांना ऐकवला होता, तेव्हा त्यांच्या डोक्यात ते राहिलं असेल. भिंतीवर एखादा मासे धरणारा सावध करत असेल. हे सगळं मान्य. पण दोन्ही एकाच वेळी? आणि तो खांदा? दुसऱ्या दिवशी सदरा घालताना तो पुन्हा कानाखालीच अडकला, आणि त्यानंतर कधीच वर गेला नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्हाला भास झाला असेल. वर गेलेले हात चाचींनीही पाहिले होते, त्यांनाही भास झाला असेल मग.

वेबसाइटवरची यादी मी उलटी केली. नळ तुटलेलं ते बंदर सगळ्यात वर. का, ते लिहिलं नाही. काय लिहिणार?

थंडीत नितीन घरी आला. बाबांनी त्याला ओळखलं नाही. "आइए भैया, बैठिए, किससे मिलना है?" म्हणाले. तो स्वयंपाकघरात येऊन तोंडावर पाणी मारत राहिला. राहिला तेवढे दिवस पाहुण्यासारखाच राहिला.

निघाला त्या सकाळी बाबा दारात खुर्चीवर ऊन खात बसले होते. नितीन पाया पडला, बॅग उचलून चालू लागला. गल्लीच्या वळणावर थांबला, मागे वळला आणि त्याने हात आडवा धरला. मला बघवेना.

बाबांनी डावा हात उचलला. आडवा, स्थिर. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तसाच.

मग मला म्हणाले, "कुणाचा मुलगा आहे गं हा? कुणीतरी नीट शिकवलंय त्याला."