आक्काचं गावजेवण

त्या गावजेवणाची लापशी मी ढवळली होती. सणसवाडीत माझी खाणावळ आहे, कंपनीतल्या पोरांना रोज दोन वेळा जेवायला घालते, त्यामुळं मोठ्या पातेल्याची मला भीती नाही. खुटबावला आक्काच्या दारात मांडव पडला होता. आचारी होताच, पण दाजी म्हणाले, "लापशीवर तुमीच ऱ्हावा, गोडाचं हाय." मी राहिले. लोक जेवून उठायचे, आक्काला हात जोडायचे आणि पान खाऊन घरी जायचे. स्पीकरवरून कुणीतरी सांगत होतं, सूनबाई देवीच्या कृपेनं मोठ्या दुखण्यातून पूर्ण बऱ्या झाल्या. पदरानं डोळे पुसत मीही वाढत होते. आता वाटतं, ती लापशी बुडाला लागून करपली असती आणि लोक न जेवता उठले असते तरी चाललं असतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. तिला खुटबावला दिली आणि तिथं तिनं उसाच्या एका तुकड्यात हट्टानं फुलं लावली. आधी झेंडू, मग शेवंती. फुलांच्या बाबतीत तिचे कायदे फार. अंघोळ केल्याशिवाय तोड्याला जायचं नाही, बाहेरची असली की प्लॉटात पाय ठेवायचा नाही, खाली पडलेलं फूल क्रेटात टाकायचं नाही. मी चिडवायची, "आक्के, पुण्याच्या मार्केटात गेल्यावर तुझी फुलं कुणाच्या नव्या गाडीला लागत्यात का कुणाच्या मयतावर पडत्यात, तुला काय म्हाईत?" ती म्हणायची, "माझ्या हातातनं देवालाच जात्यात. पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

संडासातनं रक्त जायला लागलं तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही. ती जागाच अशी, की घरातल्या बाईलाही सांगायची लाज. पुढं तिच्या सासूबाईंना कळलं तर त्या म्हणाल्या मूळव्याध असंल, ताक पी, तिखट सोड. तिनं सोडलं. आठवडी बाजारातली पुडी झाली, झाडपाला झाला, आणि त्यात बराच काळ निघून गेला. शेवटी दौंडला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. बाईमाणूस म्हणून आक्कानं तपासू दिलं. त्यांच्या नुसत्या बोटाला गाठ लागली. त्यांनी पुण्याला धाडलं. दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासला, एमआरआय झाला. संडासच्या वाटेचा कॅन्सर, अगदी खाली, तोंडाशी.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ इतकी खाली आहे की ऑपरेशन केलं तर ती वाट कायमची बंद करावी लागेल, पोटावर दुसरी वाट काढून तिला पिशवी लावायची. माणूस असल्या वेळी विचारतो, मी जगेन का. आमच्या आक्कानं विचारलं, "पिशवी लावल्यावर फुलांना हात लावता यील का?"

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "का नाही? जखम भरली की शेतातली सगळी हलकी कामं करता येतील."

तिनं मान हलवली. म्हणजे तिला पटलं नाही. परतीच्या जीपमध्ये खिडकीकडं तोंड करून मला म्हणाली, "चोवीस तास घाण अंगावर बांधून देवाच्या फुलांत कशी जाऊ गं मी?" मी तिचा हात दाबला. घरी गेल्यावर सासूबाईंनी देवीपुढं दिवा लावला आणि मोठ्यानं बोलल्या, "आई, हिची पिशवी टाळ. तुझ्या नावानं गावजेवण घालीन." आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टरांनी आधी शेक द्यायचं ठरवलं, किरणांचा, आणि मागून केमोची औषधं. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाले. खुटबावहून रोज पुणं जमणारं नव्हतं, म्हणून आक्का माझ्याकडं सणसवाडीला राहिली. तेवढे दिवस मात्र ती माझी होती. शेक घेऊन आली की खाणावळीच्या मागच्या खोलीत पडून राहायची. खाली आग आग व्हायची, टबात कोमट पाणी करून मी तिला बसवायची. जेवायला येणारी बिहारची पोरं हळूच विचारायची, "दीदी ठीक हैं?" आणि आवाज न करता ताटं उचलायची. जरा बरं वाटलं की ती उठून माझ्या पोळ्यांना नावं ठेवायची. मी म्हणायची, "बरी हो, मग लाटायला बसवते तुला."

सगळी औषधं संपल्यावर पुन्हा दुर्बीण आणि एमआरआय झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर बघितलं, मग स्वतः बोटानं तपासलं. गाठ गेली होती. जिथं होती तिथं नुसता पांढरा वण.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. म्हणाले, "पूर्वी आम्ही अशा सगळ्यांचंच ऑपरेशन करायचो. आता अभ्यासातून दिसतंय की शेक आणि औषधं आधी पुरेपूर दिली आणि गाठ पूर्ण विरघळली, तर काहींचं ऑपरेशन थांबवता येतं. पिशवी टळते. पण थांबवायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. आपण बघत राहायचं. पहिली दोन-तीन वर्षं ठरल्या तारखेला यायचं म्हणजे यायचं. काही जणांना ती तिथंच परत येते. लवकर दिसली तर काढता येते."

आक्का लगेच म्हणाली, "हराळीवानी."

डॉक्टर हसले. हो म्हणाले, अगदी तसंच. हराळी वरून कितीही निपटली तरी एखादं कांडं खाली राहतं, म्हणून आक्का खुरपलेल्या सरीत पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. तिच्याइतकं ते कुणाला कळणार होतं?

पहिल्या तपासणीला ती गेली. सगळं स्वच्छ निघालं. आणि घरात नवसाची घाई सुरू झाली. देवीचं देणं अंगावर ठेवायचं नसतं. मी एकदा म्हणाले, "जेवण घालायचंच तर डॉक्टरांची वर्षं सरू द्या की." सासूबाई म्हणाल्या, "देवीनं तिचं काम केलं, आता आपलं आपण करायचं. तिला ताटकळत ठिवायची व्हय?" गावजेवण झालं.

पुढची तारीख आली तेव्हा तिला न्यायला मी खुटबावला गेले. आक्का प्लॉटात होती, डोक्याला फडकं बांधून, कमरेला ओटी खोचून. इतकी छान दिसत होती. म्हणाली, "मी न्हाई येत."

"न्हाई म्हंजी?"

"अख्ख्या गावानं जेवून आशीर्वाद दिलाय. आता दवाखान्याच्या वाटंला लागले तर लोक इचारतील, बरी झालीस म्हणून जेवलो आन् ही कुठं निघाली? काय सांगू?"

"सांग तपासायला निघाले."

ओट्यावरून सासूबाई बोलल्या, "फेडलेल्या नवसाची तपासणी करत्यात व्हय? देवीला काय वाटंल?"

मी काय तोंडानं कमी आहे? हराळीची आठवण दिली, डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, दाजींना चार गोष्टी सुनावल्या. दाजी म्हणाले, "ती चांगली हाय. चांगल्या माणसाला कशाला आजारी पाडताय?" आक्का मला बांधापर्यंत सोडायला आली आणि तिथं खरं काय ते बोलली. "तिथं गेलं की त्ये काय तरी काढत्यातच. मंग पिशवी. मी देवीला धरून बसलीय, मला बसू दे." तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी एकटीच परतले. दवाखान्यातून फोन आला तर दाजींनी सांगितलं, पेशंट एकदम बरी आहे. त्यापुढचीही तारीख तशीच गेली, आणि त्यापुढचीही.

एका लग्नात मी तिला बघितलं. सगळ्या बाया ऐसपैस बसलेल्या आणि आक्का एका कुल्ल्यावर, भिंतीला टेकून. तिथूनच तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा केली, आणि या खेपेला ती हट्ट न करता माझ्याबरोबर बसली.

गाठ परत आली होती आणि वाट बंद करायला लागली होती. फुफ्फुसातही ठिपके दिसले. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मीच बाहेर गाठून विचारलं, "तारखेला आली असती तर?" ते म्हणाले, "बहुतेक तिथलीच सापडली असती. पिशवी लागली असती, पण हे ठिपके कदाचित नसते." संडासला वाट हवी म्हणून पोटावर पिशवी लावावी लागली. ठिपक्यांना औषधानं थोपवू म्हणाले, घालवू असं म्हणाले नाहीत.

म्हणजे जी टाळायला नवस केला ती पिशवी आलीच, आणि येताना नको ते घेऊन आली. याचा मला इतका राग येतो की कधीकधी एकटीच भांडी आपटते. औषध लागू पडलं होतं. ज्या इलाजासाठी दुसऱ्या कुणाची आई देवापुढं डोकं फोडून मेली असती, तो इलाज माझ्या बहिणीला मिळाला होता. फक्त बघत राहायचं होतं.

पिशवी बदलायला मी शिकले, मग तिला शिकवलं. नीट लावली तर वास येत नाही, साडीतून दिसत नाही. पण आक्का प्लॉटात जाईना. बांधावर बसून गड्यांना सांगायची, ही सरी राहिली, त्या कळ्या सोडा. हात मांडीवर ठेवलेले. मी म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय ना, लाव हात. ती म्हणायची, डॉक्टर काय पूजा करतो काय?

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा तोडा होता. माणसं कमी, म्हणून मीही गेले. सासूबाई काठी टेकत प्लॉटाशी आल्या. बांधावर बसलेल्या आक्काचा हात धरला.

"ऊठ. तोड."

"आत्याबाई, आवो, मी कशी..."

"पोटात घाण घालूनच देवीनं तुला जन्माला घातली. मलाबी. सगळ्यांच्याच पोटात हाय ती, तुझी बाहीर दिसती एवढंच. ऊठ."

आक्का उठली. पहिलं फूल देठाशी चुरगळलं, दुसरं नीट तुटलं. मी तिच्या पुढं क्रेट धरून चालत होते. सासूबाईंनी तिच्या ओंजळीतली फुलं आपल्या पदरात घेतली, देवीला न्यायला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या तोंडून गेलंच, "आत्याबाई, हे तवा का न्हाई बोललात वो? ती जीपमधनं आली त्या दिवशी?" त्या दिवशी कुणी एवढं बोललं असतं तर आक्काला पिशवीचं भ्या राहिलं नसतं, नवस झाला नसता, आणि ती ठरल्या तारखांना गाडीत बसली असती.

म्हातारी पदरातल्या फुलांकडं बघत म्हणाली, "तवा मला तरी कुठं कळत हुतं, पोरी."

आक्कानं ऐकलं की नाही कोण जाणे. ती तोडत राहिली. अर्धी सरी व्हायच्या आत तिला धाप लागली, आणि उरलेली मी तोडली.