चारीवरची उडी

परवा दुपारी येडशीला ओसरीत शेंगा फोडत बसले होते, तर पुण्याहून नातीचा व्हिडिओ आला. सायकलवरून उड्या मारतीय... दर खेपेला पुढचं चाक वर, मागचं जमिनीलाच.

त्याला बनी हॉप म्हणतात म्हणे. सशाची उडी! ससा कुठला, रुतलेली बैलगाडी काढल्यागत हिसके देत होती.

फोन लावला. म्हटलं, "हातानं ओढू नको गं, बूड हलकं कर." ती हसायलाच लागली. "आजी, तुला काय माहीत?"

काय माहीत... ऐका मग. मोबाईलला बोलून लिहितेय, शाळा माझी नावालाच झाली. चुका निघाल्या तर मोबाईलच्या.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. पाऊस पाठ फिरवून बसलेला. मालक सीझनला साखर कारखान्यावर, लांब. घरी मी, म्हैस, शेळी आणि त्यांची दांड्याची सायकल. सासू होती, पण ती माझ्यापेक्षा म्हशीशी जास्त बोलायची.

दूध संस्थेचा टेम्पो शेजारच्या गावात यायचा. किटली घेऊन चालत जावं तर टेम्पो गेलेला... म्हणून सायकल शिकले. नऊवारीचा काष्टा असला की दांडा आडवा येत नाही. आडवी येतात ती माणसं. पाण्याच्या रांगेत बायका मला बघून गप्प व्हायच्या. एखादी हळूच म्हणायची, "आली बघा फौजदारीण."

वाटेत उपसा सिंचनवाल्यांनी पाईपासाठी चारी खणलेली. पाईप यायच्या आधी तळंच आटलं, काम पडलं ते पडलंच. चारी वीत-दीड वीत रुंद, पण चाक नेमकं तिच्यात बसायचं. एकदा दुधासकट तोंडावर आपटले. दूध सगळं माती प्याली... तिला तरी तेव्हा दुसरं काय मिळत होतं!

तेव्हापासून जाताना उतरून जायची. येताना किटली रिकामी, मग उडी मारून बघायची. खरं सांगू का, घरी जायची घाई नव्हती. बोलायला कोण होतं?

आधी मीही नातीसारखंच केलं. हातानं ओढायची, खांदे भरून यायचे, मागचं चाक चारीच्या काठावर दाणकन आपटायचं.

मग एकदा शेळी चारायला नेली, तर ती त्याच चारीवरून गेली. नीट बघितलं. आधी दबली, मग पुढचं अंग वर टाकलं, आणि मागचं त्याच्या मागं आलं. स्वतःला ओढत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. पायडलवर उभी राहिले, दबले, हँडल पोटाकडं घेत मागं झुकले... आणि लगेच हँडल पुढं ढकलून, पाय मागं रेटून बूड वर घेतलं. किटली खडखडली अन् मी पलीकडं!

मागं वळून बघितलं. सगळं उघडं रान. बघायला चिटपाखरू नाही... शेळीसुद्धा घरी बांधलेली.

तेव्हाच ठरवलं, मालक आले की दाखवायचं. एका माणसानं तरी बघावं, एवढंच मनात होतं. उन्हाळा लागेपर्यंत रोज येताना उडी घोटवली. चाक अलगद टेकायला लागलं.

मालक आले. म्हटलं, "जरा चारीपर्यंत चला."
"काय हाय तिथं?"
"चला तर."

ते बिडी पेटवून उभे राहिले. मी लांबून आले आणि अशी उडी घेतली, की तशी पुन्हा जमली नाही कधी.

ते आले, खाली बसले, आणि मागचं चाक फिरवून बघितलं. म्हणाले, "चाक आऊट झालं तर तुझा बाप नीट करणार का?"

"बाप कशाला, मीच करीन की," म्हटलं. नंतरच्या सीझनला ते सायकल सोबत घेऊन गेले. मी परत चालत... चारी पायानं ओलांडायची. त्यात बघण्यासारखं काय असतंय?

आता मालक नाहीत. माणूस वाईट नव्हता. चाक बघितलं, बाई बघायची राहिली.

हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. मधे हसली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "शेळीसारखं?"
"शेळीसारखं. आधी दब."

आज सकाळी नवा व्हिडिओ आला. पार्किंगमध्ये विटांची रांग लावलेली. पोरगी दबली, पुढचं चाक गेलं... मागचं पण गेलं! आणि लगेच तोंड वळवून म्हणतेय, "आजी, बघितलंस का?"

बघितलं बाई. रिकाम्या घरात एकटीनंच टाळ्या वाजवल्या... चांगल्या जोरात. शेजारीण भिंतीवरून डोकावली, "काय झालं वो काकू?"

म्हटलं, "काय न्हाय. चारी ओलांडली."