अबू घनम

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आज गाडी लावायला बोटभर जागा मिळत नाही. गुणवंतराव तिथे आले तेव्हा सगळी वाळू, एक पत्र्याची शेड आणि ते स्वतः, बस्स! काय पाहून हा माणूस तिथे तळ ठोकून बसला, देव जाणे. पण धंद्याची नस त्यांना बरोबर सापडली होती. उन्हात ट्रकचे रेडिएटर उकळायचे, ड्रायव्हर शिव्या घालत थांबायचे, आणि हे दुरुस्तीला तयार! शेडचं गॅरेज झालं, मागोमाग टायरवाला आला, चहावाला आला, गल्ली वसली.

मग बोर्ड रंगवून घेतला. छोटासा, फक्त अरबीत. पेंटरला नाव तोंडी सांगितलं, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. गुणवंतरावांना अरबीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण परमुलखात आपलं नाव लागलं म्हणून स्वारी हरखून गेली. अरब गिऱ्हाइकं हसत हसत त्यांना "अबू घनम" म्हणायची. यांना वाटे, 'गुणवंत' जड जातं बिचाऱ्यांच्या जिभेला. दर दसऱ्याला बायको, छायाबाई, स्टुलावर चढून त्या बोर्डाला झेंडूचा हार घालायच्या, हळदकुंकू लावायच्या.

छायाबाई गेल्या आणि गुणवंतरावांचे हातपायच गळाले. मुलगा निनाद अबू धाबीत, अल रीम आयलंडवर राहतो. तो म्हणाला, "बाबा, खलास, पुरे झालं हे सगळं. आता माझ्याकडे चला." त्यांनी गॅरेज जुन्या मेकॅनिकला, खैरुद्दीनला, देऊन टाकलं. अट एकच, बोर्डावरचं नाव पुसायचं नाही. "मागे एवढंच राहणार आहे माझं," असं त्यांनी निनादला सांगितलं.

निघायच्या दिवशी निनाद न्यायला आला. बरोबर त्याची लेक ओवी होती, शाळेत अरबी शिकणारी. तिनं मान वर करून बोर्ड वाचला आणि फिसकन हसली.

"आजोबा, धिस इज नॉट युवर नेम! इट सेज शीप!"

मेंढरं! म्हणजे इतकी वर्षं हे मेंढरांचं गॅरेज, आणि गुणवंतराव मेंढरांचे बाप! निनादनं तिला दटावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुणवंतराव मटकन खुर्चीत बसले. ज्या नावासाठी जीव टाकला, ते तिथे कधी नव्हतंच.

"खैरू, तुझे तो अरबी आती है. मालूम था?"

खैरुद्दीननं मान खाली घातली. "शुरू से, सेठ. भाभीजी को बताया था. वो बोलीं, सेठ को मत बोलना. घरदार छोड के आए हैं, एक नाम ही तो लगा है यहां. वो भी गलत निकला तो टूट जाएंगे."

म्हणजे छायाला माहीत होतं! सगळं माहीत असून ती बया स्टुलावर चढायची, मेंढरांना कुंकू लावायची आणि खाली उतरून म्हणायची, "किती शोभतं हो तुमचं नाव!" गुणवंतरावांना हुंदका आवरेना. भर गल्लीत, गिऱ्हाइकांसमोर, ते ढसाढसा रडले.

"नया बोर्ड बना देता हूं, सेठ," खैरुद्दीन घाईघाईनं म्हणाला. "ओवी बिटिया सही लिख देगी."

"हाथ मत लगाना उसको!" गुणवंतराव कडाडले. मग डोळे पुसत निनादला म्हणाले, "माझं नाव काय करायचंय आता? छायानं फुलं वाहिलीत ती त्याला."

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि खैरुद्दीनला जवळ बोलावलं.

"दसरे को एक हार डाल देना. झेंडू का."