पाचूचा हार

लग्न होऊन राजूरहून आर्णीला आले तेव्हा नवऱ्याशी काय बोलावं हेच मला सुचत नसे. त्याचं बियाण्यांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तो घरी यायचा तो बोलणं संपवूनच. जेवण झालं की मोबाइलवर गेम. एकदा त्यानं माझ्याही फोनवर तो टाकून दिला.

गेममध्ये ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं, राक्षसांशी लढून ताकद कमवायची. तो योद्धा झाला, मी जखमा बऱ्या करणारी वैदीण. "अवं, मांगं राह्य, मी हाव ना समोर," तो म्हणायचा. पहिल्यांदा आम्ही एकत्र हसलो ते असे, पलंगावर पाठीला पाठ लावून.

मग त्यानं माझ्या वैदिणीला पाचूचा हार दिला. खाली लिहिलं होतं, हा हार धारण करणाऱ्याचं रक्षण करतो. घातला, आणि मग तो निघेना. मला वाटलं, भेट आहे, कशाला निघायला हवा?

त्यानंतर माझी लेव्हल वाढायचं जवळजवळ थांबलंच. त्याची मात्र भराभर चढत होती. नणंद माहेरपणाला आली तेव्हा तिच्यासमोर तो हसून म्हणाला, "हिले काही जमूनच नाही राह्यलं." मी दुपारी सगळे झोपले की एकटी सराव करायची. चूक माझीच असणार.

आमच्या गटात खेळणाऱ्या एका अनोळखी बाईनं शेवटी मला मेसेज केला. "ताई, तो हार काढ. त्याच्या आत शाप आहे. तू कमावलेली ताकद देणाऱ्याला जाते. आणि देताना त्याला ते स्पष्ट दिसतं."

तो चहा पीत होता. मी विचारलं, "हाराचं तुमाले माहीत होतं?"

"होतं ना."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त घातला असता का तू?" त्यानं टोस्ट चहात बुडवला. "अन् आपलं दोघायचं एकच त आहे."

तो रागावला नव्हता, ओशाळलाही नव्हता. मला तेच जास्त लागलं.

त्या बाईनं सांगितल्याप्रमाणे मी गेममधल्या देवळात जाऊन शाप उतरवला. बदल्यात वैदिणीचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. पण महिन्याभरातच ती त्याच्या बरोबरीला आली. त्या आठवड्यात त्यानं गेम काढून टाकला. "टाइमपास आहे सारा," म्हणाला. मग माझंही मन उडालं.

आईला हे फोनवर कसं सांगणार? गेममधल्या हारावरून कोणी रडतं का? नवरा पीत नाही, हात उगारत नाही. नशीबवान आहेस, असंच ती म्हणाली असती.

यंदा दिवाळीला त्यानं माझ्यासाठी नवा मोबाइल आणला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कायले?"

त्याचा चेहरा पडला. या वेळी बहुतेक त्यानं खरंच मनापासून आणला होता. "आता तुयासाठी काई आणाचं बी नाही का?" त्यानं विचारलं. खोका कपाटावर ठेवून मी फराळाची ताटं वाढायला गेले.