या हं, नक्की

आमच्या आतोबांइतकी आमंत्रणं पेशव्यांच्या दफ्तरातूनही सुटली नसतील, आणि त्यांच्या आमंत्रणावरून त्यांच्या घरी गेलेला माणूस अख्ख्या गोरेगावात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. पोस्टमन, न्हावी, भाजीवाली, कोळसेवाला, कुणाशीही दोन शब्द बोलणं झालं की निरोप घेताना "या हं, नक्की या" हे ठरलेलं. एकदा पास घरी राहिला म्हणून तिकीट तपासनिसाने त्यांना दंड केला, तर पावती खिशात घालता घालता त्यांनी त्यालाही दिवाळीच्या फराळाला बोलावलं. यात लबाडी मुळीच नव्हती. बोलावणाऱ्याला ठाऊक असे की हा येणार नाही, आणि त्यालाही ठाऊक असे की आपण जायचं नसतं. आपल्या लोकांत सगळेच असं बोलतात, आतोबा थोडं जास्त बोलत. आत्या म्हणे, "हे तिरडीवरून उठून खांदेकऱ्यांना चहाला थांबवतील."

त्यांचं दुसरं वेड लोकनाट्याचं. ढोलकी, गण, बतावणी आणि सरकारला चिमटे काढणारा वग, हे सगळं त्या वर्षांत पांढरपेशांनाही गोड लागू लागलं होतं. आतोबांनी ठरवलं की आपणही एक वग लिहायचा, आणि तोही रानातल्या पाड्याचा. आता हा माणूस जन्मला गिरगावात, वाढला गिरगावात, ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली हे पिठावरूनसुद्धा ओळखू न शकणारा. समोरून म्हैस आली तर रस्ता ओलांडून पलीकडे जाणारा. पण लिहिलं मात्र झकास. रानातल्या एका पाड्यात सरकार म्हशींसाठी गोठे बांधतं. म्हशींना नंबर मिळतो, दिवा मिळतो, पाणी मिळतं, डॉक्टर मिळतो. माणसांना यातलं काहीच मिळत नाही, म्हणून पाड्याचा म्हातारा पुढारी स्वतःची म्हैस म्हणून नोंद व्हावी असा रीतसर अर्ज करतो. "आम्हां नंबर द्या हो साहेब, आम्हां नंबर द्या, म्हशीपाशी लागला दिवा, आम्हां कंदील तरी द्या," हे त्यातलं गाणं पुढे महिनाभर माझ्या तोंडात होतं.

या पुढाऱ्याचं काम आतोबा स्वतः करणार होते, आणि त्यासाठी ते तीन वर्षं दर रविवारी आरे कॉलनीपलीकडच्या रानातल्या एका पाड्यावर जात. तिथे एक म्हातारा त्यांना भेटला. झोपडीपुढे दगडावर बसून आतोबा त्याच्याशी तासन् तास बोलत आणि परतताना वाटेत वहीत टिपून ठेवत. त्याची चाल, त्याचं मान तिरकी करून बघणं, आणि मुख्य म्हणजे त्याचा खोकला. म्हातारा बोलायच्या आधी छातीवर हात ठेवून तीनदा खोके, आभाळाकडे बघे, मग बोले. आतोबांना तर सोनं सापडल्यासारखं झालं. त्यांनी तो खोकला जसाच्या तसा उचलला आणि घरी त्याचा रियाज सुरू केला. त्या काळी क्षयाच्या धास्तीने खोकल्याला लोक फार भीत. आठ दिवसांत शेजाऱ्यांनी मुलांना आत्याकडे पाठवणं बंद केलं, आणि घरमालक तब्येतीची चौकशी करायला नाकावर रुमाल धरून आले. त्यांना आतोबांनी नाटकाचं आमंत्रण दिलं.

पाड्यावरच्या म्हाताऱ्यालाही दिलंच. "या हं, नक्की या. नाटकाला या, मग घरी या." त्यावर म्हाताऱ्याने आजवर आतोबांना कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "कधी?" आतोबांनी बोलण्याच्या ओघात दिवस आणि ठिकाणही सांगून टाकलं, आणि विसरले.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या पटांगणातल्या मांडवात होता. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि प्रॉम्प्टिंगसाठी वही घेऊन विंगेत उभा होतो. त्या दिवशी आमची खरी काळजी वेगळीच होती. आतोबांनी ओळखीपाळखी काढून एका नाटक कंपनीच्या मालकांना बोलावलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं आमंत्रण मनापासूनचं होतं. मालक आले, पानाचा डबा मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले की तास-दीड तास मांडव हसता राहिला तर वग मी घेतला. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कचेरीतले मसुदे आणि घरातल्या याद्याच लिहिलेल्या त्या माणसाची सगळी आशा त्या दीड तासावर होती. रंग लावताना त्यांनी मिशी दोनदा उलटी लावली, शेवटी ती मीच चिकटवली.

पडदा उघडला. आतोबा आले, छातीवर हात ठेवून तीनदा खोकले, आणि मांडव हशाने दणाणला. मालक मांडीवर थाप मारून हसले. दुसऱ्या खोकल्याला हशा दुप्पट झाला. वाक्य यायच्या आधी नुसता हात छातीकडे गेला तरी लोक हसत होते. मी वहीवरून डोळे उचलून आतोबांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा रंगाखालूनही उजळलेला दिसत होता.

तेवढ्यात मांडवाच्या दारातून सहा माणसं आत आली. पुढे पाड्यावरचा म्हातारा. बहुधा ठेवणीतलं असावं असं पांढरं धोतर नेसला होता. ती मंडळी थेट पुढे येऊन मालकांच्या पायाशी जाजमावर बसली. आतोबांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचं पुढचं वाक्य अडखळलं. मी ते पुरवलं. त्यांनी ते म्हटलं, पण नजर जाजमावरून हलेना. आणि मग म्हातारा खोकला. खराखुरा, छातीवर हात ठेवून, तीनदा. लोकांना वाटलं की ही नाटकातलीच युक्ती आहे. मांडवात असा हशा उठला की ढोलकीवाल्याने हात थांबवले. म्हातारा मागे वळून बघू लागला, हे सगळे कशाला हसताहेत म्हणून.

त्यानंतर आतोबा खोकले नाहीत. वहीत दर दुसऱ्या ओळीला खोकला होता आणि मी तो दर वेळी सांगत होतो. हशा विरळ झाला, मग थांबला. मालकांनी घड्याळ पाहिलं. शेवटी वगातला सगळ्यात हुकमी प्रवेश आला. साहेब म्हैस तपासायला येतो, आवाज काढून दाखव म्हणतो, आणि पुढाऱ्याला रेकता येत नाही म्हणून तो खोकतो. साहेब त्याची "आवाज समाधानकारक" अशी नोंद करतो. साहेबाचं काम करणाऱ्याने तीनदा विचारलं, "काढ आवाज." मी विंगेतून अर्धा बाहेर येऊन म्हणत होतो, "खोका, आतोबा, खोका." आतोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते वहीत नसलेलं वाक्य अगदी हळू बोलले, "साहेब, मी माणूस आहे."

कुणी हसलं नाही. मालक पानाचा डबा बंद करून उठले आणि बाहेर पडले. पेटीवाल्याने कसंबसं शेवटचं गाणं उरकलं.

रंगपटात आतोबा मान खाली घालून तोंड पुसत बसले होते. म्हातारा आत आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने आतोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी लय खोकत व्हतास," तो म्हणाला. "मंग थांबलास. बरं वाटलं ना?" म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडून बेहड्याची साल काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. खोकला आला की गालात धरायची, मी पण हीच धरतो, असं सांगितलं. मग शांतपणे विचारलं, "आता घरी जायचं ना? तूच म्हनला व्हतास."

त्या संध्याकाळी आत्याने सहा पाहुण्यांना पिठलं-भात वाढला. आतोबा स्वतः पानापानाशी जाऊन आग्रह करत होते. वगाची वही माळ्यावर गेली ती कायमची. आणि "या हं, नक्की" हे शब्द त्यांच्या तोंडून गेले तेही कायमचे. पोस्टमनला चुकल्यासारखं वाटू लागलं. आतोबा आता फक्त नमस्कार करत.

पुढे मी चेंबूरला राहायला गेलो. चार-पाच वर्षांनी एका लग्नात ते भेटले. खूप वाळले होते. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ये रे एकदा. या रविवारी ये." मी घाईत होतो. हसून म्हटलं, "येतो हं, नक्की."

मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं. मी गेलो नाही. तो त्यांचा शेवटचा पावसाळा ठरला. त्यांचे तेरा दिवस झाल्यावर आत्याने सहज बोलता बोलता सांगितलं की त्या रविवारी त्यांनी तिला माझं पान मांडायला लावलं होतं, आणि तीन वाजेपर्यंत ते स्वतः जेवायला बसले नव्हते.