काळी पँट आणि खंडेनवमी

माझ्या थोरल्या जावेचे भाऊ सृष्टीच्या आरंभी हजर असते, तर त्यांनी ब्रह्मदेवाकडे आधी एक पानी रेझ्युमे मागितला असता, अनुभव नाही म्हणून ट्रायल शिफ्ट करायला लावली असती आणि वर 'पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर या' असं बजावलं असतं. परदेशातलं आमचं हे अख्खं उपनगर, टार्निट, त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ते बावीस वर्षं शहरातल्या एका मोठ्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर होते, पण तो त्यांचा जोडधंदा. खरा धंदा आमच्या पोरांना कामाला लावण्याचा. कुणाचं मूल पंधरा वर्षांचं झालं की बाकीचे लोक वाढदिवसाला हेडफोन आणायचे, मामा काळी पँट आणायचे. इथल्या कुठल्याही दुकानात पहिल्या दिवशी काळी पँट लागते. मापाची चूक होऊ नये म्हणून आठवडाभर आधी ते आईला फोन करत, त्यामुळे पोराला सोडून सगळ्यांना भेट ठाऊक असायची.

वक्तशीरपणाचं तर विचारूच नका. सकाळच्या गाडीला ते इतक्या आधी स्टेशनवर जात की गाडी रद्द झाली आणि बदली बस आली, तरी ती बातमी त्यांनाच सर्वांत आधी कळायची. ही बातमी ते बाकीच्यांना इतक्या समाधानाने सांगत, की गाडी जणू त्यांनीच रद्द केली असावी.

आमच्या घरी त्यांना सुरुवातीला विरोध झाला. माझे यजमान म्हणाले, "पुण्यात मी कधी पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नाही, आणि माझी मुलगी सई लोकांच्या दुकानात फरशी पुसणार?" मामा शांतपणे म्हणाले, "तेच म्हणतोय मी. जिने लोकांची फरशी पुसली, ती घरी ओला टॉवेल गादीवर टाकत नाही." आमच्या गादीवर त्या क्षणी एक ओला टॉवेल होता आणि तो सईचा नव्हता. सई महिन्याभरात शॉपिंग सेंटरमधल्या बेकरीत लागली.

पुढे एका रविवारी तिला ताप आला. मी आईच्या काळजाने बेकरीच्या मॅनेजरला फोन केला आणि, आपल्याकडे शाळेच्या बाईंना सांगतात तसं, 'आज तिला पाठवत नाही' असं सांगितलं. अर्ध्या तासात मामा दारात. "वहिनी, नोकरी कुणाला लागलीय? तुम्हाला की सईला?" मी तापाचं सांगितलं. "ताप घशाला आलाय का? नाही ना? मग तिलाच बोलू दे." अंगावर पांघरूण घेऊन सईने पुन्हा फोन केला आणि आईच्या वतीने मॅनेजरची माफी मागितली. मामा मग तिच्यासाठी मऊ भात करून गेले. मला दोन दिवस त्यांचा राग आला होता, हे इथे नमूद करते.

पण मामांचा खरा सोहळा म्हणजे खंडेनवमी. पंचांगातली नव्हे, तिच्या जवळच्या शनिवारची. त्या दिवशी त्यांच्या गॅरेजमधली गाडी बाहेर निघे, चौरंग मांडला जाई आणि पोरं आपापल्या कामाचं हत्यार घेऊन येत. पोहायला शिकवणाऱ्याची शिट्टी, पिझ्झा कापायचं चाक, कुत्री फिरवणारीची साखळी. एकाला सुपरमार्केटची ट्रॉलीच आणायची होती. मामा म्हणाले, "ट्रॉली मालकाची आहे. तू तुझं ते झगझगीत जाकीट आण." झेंडू इथे त्या दिवसांत मिळत नाही, म्हणून जाकिटावर जर्बेरा वाहिला. या सगळ्यांच्या मधोमध दर वर्षी मामांचा ऑफिसचा लॅपटॉप असे, हळदीकुंकवाचे डाग पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसने त्यांना रिडंडंट केलं, म्हणजे त्यांचं पदच काढून टाकलं. एकोणसाठाव्या वर्षी. त्यांनी किती अर्ज केले देव जाणे, उत्तरं आलीच तर नकाराची येत. माणूस बोलायचा थांबला. जाऊबाई मला म्हणाल्या, "या वर्षी पूजा नको म्हणतोय गं. मुलांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, असं विचारतो." जन्मभर 'कामाला लाज कसली' म्हणणारा माणूस काम नसल्याच्या लाजेने घरात बसला होता. जाऊबाई भांडल्या, तेव्हा कुठे पूजा ठरली.

मामांनी सगळी हत्यारं नीट मांडली आणि हात जोडण्याआधी म्हणाले, "मुलांनो, या वर्षी माझं काही नाही. माझी नोकरी गेली."

"दॅट सक्स, मामा," शिट्टीवाला म्हणाला. मोठी माणसं गॅरेजच्या छताकडे बघू लागली.

"आमच्याकडे शनिवारी माणूस हवाय," सई म्हणाली. ती आता सतरा वर्षांची, शनिवारच्या शिफ्टची सुपरवायझर. "सेव्हन ए.एम. स्टार्ट. बट यू हॅव टू डू अ ट्रायल."

मी तिला जोरात चिमटा काढला. एवढ्या मोठ्या माणसाला बेकरीत उभं करायचं! मला भूमी दुभंगावी असं झालं. मामा तिच्याकडे वळले.

"रेझ्युमे लागेल?"

"वन पेज," सई म्हणाली.

त्यांचा होता अकरा पानी. जाऊबाई सांगत होत्या, बावीस वर्षं तीन ओळींत बसवायला त्यांना दोन दिवस लागले.

ट्रायलच्या शनिवारी मला पावाची काहीच गरज नव्हती, तरी मी गेले. काउंटरमागे मामा उभे होते. केसांवर जाळी, कमरेला एप्रन. त्यांना गल्ल्याचं बटण सापडत नव्हतं. सईने मागून हात घालून ते दाबलं. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "मामा, कसं चाललंय?"

"वहिनी, मागे लोक उभे आहेत. काय देऊ?"

मी सांगितला तो पाव त्यांनी चिमट्याने उचलला, पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. गाडीत येऊन मी रडले. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

दुपारी सई घरी आल्यावर मी भीत भीत विचारलं, "घेणार का गं त्यांना?"

"ही'ज रिअली स्लो, मम," ती बूट काढत म्हणाली. "अँड ही टॉक्स टू एव्हरीवन. मॅनेजर आधी नको म्हणत होता." मग मराठीत म्हणाली, "मी सांगितलं, मी शिकवीन त्यांना. चुकले तर माझ्यावर."

लेक एवढी मोठी झाल्याचा मला अभिमान वाटला. आणि मामा म्हातारे झाले, हे त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं.