वाढदिवसाचं पहिलं पान

घरातला पहिला पदवीधर मी. पण लिहायला शिकवलं ते धाराशिवच्या साप्ताहिकवाल्या माने सरांनी. आज सकाळी आमचं दैनिक उघडलं, तर पहिलं पान भरून नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आंदोलकांच्या अटकेची माझी बातमी आतही नाही! वैताग आला. ताज्या शाईच्या वासानं मात्र सरांच्या छापखान्यातली एक दुपार आठवली.

मुकादमानं डांबून ठेवलेल्या ऊसतोड मजुरांची माझी बातमी पहिल्या पानावर लागली होती. तेवढ्यात एक कार्यकर्ता जाहिरात घेऊन आला.

“सर, पहिलं पान द्या. सायबांचा वाढदिवस हाय.”

“व्हय, पण सायबांना कुणी डांबलं न्हाय. शेवटच्या पानावर या.”

तो जाहिरात घेऊन तणतणत गेला. तेव्हा मला तो सरांचा हेकटपणा वाटला. आज हेवा वाटतो.

दुपारी सरांना लिहिलं: “सर, बातमी सोबत पाठवतोय. इथं रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो. तुमच्याकडं जागा आहे का?”